चिनी भाषिकांना 'सुरुवात' सांगणारे इंग्रजी फ्रेजल व्हर्ब कसे शिकवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की तुमचे ऑनलाइन विद्यार्थी चीनमधले नोकरदार लोक आहेत, व्याकरण पक्कं, शब्द भरपूर, पण कशाचीही सुरुवात सांगायची झाली की स्टार्ट, बिगिन आणि एस्टॅब्लिश या तीन शब्दांच्या पुढे जात नाहीत. तुम्ही त्यांना सेट अप, सेट ऑफ, सेट अबाउट, टेक अप, किक ऑफ असे चाळीस फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असा छोटा शब्द जोडून झालेल्या जोड्या, चिनी अर्थासकट लिहून दिलेत, त्यांनी पुढच्या तासाला सगळे घडाघडा म्हणून दाखवले, आणि बोलायला लागल्यावर परत "वी बिगिन", "वी स्टार्ट". आता काय करू, असं विचारलंय.

मी आधी चीनमध्ये सुझोऊला सहा वर्षं शिकवलं आणि आता घरून ऑनलाइन शिकवते. २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी क्लासेसवर बंधनं आणली आणि परदेशात बसून मुलांना शिकवणं बंद झालं, तेव्हापासून माझ्याकडे फक्त मोठी माणसं आहेत, म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांसारखीच. तुमच्याकडे जे झालं ते माझ्याकडे पहिली दोन वर्षं दर बॅचला झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ते आळशी नाहीत आणि त्यांना येत नाही असंही नाही, ते टाळतात. यावर अभ्यास झालेला आहे, यान लियाओ आणि योशिनोरी फुकुया या दोघांनी २००४ मध्ये चिनी विद्यार्थ्यांवरच तो केला होता, आणि त्यात दिसलं की मधल्या पातळीचे विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब टाळून एका शब्दाचं क्रियापद घेतात, पुढच्या पातळीवर गेलेले तेवढं टाळत नाहीत. माझ्या वर्गातही अगदी हेच दिसतं. टाळण्याचं कारणही समजण्यासारखं आहे, एस्टॅब्लिश हा शब्द त्यांनी शाळेत असताना परीक्षेसाठी पाठ केलेला, एक शब्द एक अर्थ, त्यात चुकण्याची भीती नाही. सेट अप मध्ये सेट पण माहीत आणि अप पण माहीत, तरी दोन्ही मिळून काय होतं त्याची खात्री नाही, मग बॉससमोर कशाला धोका पत्करायचा. १७५५ च्या आपल्या इंग्रजी डिक्शनरीच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सन या कोशकाराने लिहून ठेवलंय की परक्या लोकांना सगळ्यात जास्त अडचण क्रियापदापुढे असा छोटा शब्द लावल्यामुळे होते, आणि त्याने तिथे दिलेल्या उदाहरणांत सेट इन आणि सेट आउट हे आपले सुरुवातीचेच दोन आहेत. म्हणजे हे दुखणं जुनं आहे, तुमचं शिकवणं चुकलं असं मनाला लावून घेऊ नका.

पण यादी मात्र बाजूला ठेवा. यादीमध्ये प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे चिनीत खाय-शर, म्हणजे 'सुरू करणे', एवढंच लिहिलेलं असतं, आणि चाळीस शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला की डोकं साहजिकच म्हणतं मग स्टार्टच वापरू ना. माझं सगळं सांगणं एका वाक्यात सांगायचं तर हे, की या क्रियापदांमध्ये सुरुवात शिकवूच नका, सुरू व्हायच्या आधी ती गोष्ट कशी होती ते शिकवा. बसलेली होती का, बांधलेली होती का, आडवी पडलेली होती का, आत कोंडलेली होती का. ऑफ, आउट, अप, डाउन, इन हे जे छोटे शब्द आहेत ते नेमकं तेच सांगतात. २००७ मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश इंग्रजी मजकुराच्या संग्रहात मोजलं तेव्हा नुसती वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांमध्येच निम्म्याहून जास्त फ्रेजल व्हर्ब आले. म्हणजे मेहनत घ्यायचीच तर या आठ शब्दांवर घ्यावी.

ऑफ घ्या. सेट ऑफ, स्टार्ट ऑफ, टेक ऑफ, किक ऑफ. या सगळ्यांत काहीतरी एका जागेला चिकटलेलं होतं ते सुटलं. विमान जमिनीला होतं ते सुटलं, माणूस घरात होता तो निघाला, बॉल मैदानाच्या मध्यावर ठेवलेला होता त्याला लाथ बसली. आपण एसटी सुटली म्हणतो, तेच ते 'सुटणं'. टेक ऑफ चिनी माणसाला फुकट मिळतो, कारण त्यांच्याकडे विमान उडण्याला छीफेई म्हणतात आणि देशाची अर्थव्यवस्था वर गेली तरी छीफेईच म्हणतात, चित्र तंतोतंत तेच. किक ऑफ समजवायला मला खूप वेळ लागायचा. आपल्याकडे नारळ फोडणं आहे, प्रचाराचा नारळ फुटला म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही, चार लोक जमलेत, वेळ ठरलेली आहे, सगळ्यांच्या देखत काम सुरू झालं. चिनी लोकांकडे खाय कोंग आहे, वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी संपून ऑफिस उघडतं त्या दिवसाला म्हणतात, बॉस पैशांची लाल पाकिटं वाटतो. किक ऑफ सांगताना मी त्यांना हा दिवस आठवायला सांगते, ठरलेली वेळ आणि जमलेली माणसं. म्हणजे मग "माय हेडेक किक्ड ऑफ" असं कोणी लिहीत नाही, डोकेदुखीला कोणी मुहूर्त काढत नाही.

वसंतोत्सवाचं निघालंच आहे तर माझा जानेवारीतला एक तास सांगते, कारण मला स्वतःला हे सगळं त्या तासाला उलगडलं. सात जण होते, सगळे सुट्टीला गावी निघालेले. मी म्हटलं घरी कसे जाणार ते सांगा. एक बाई म्हणाल्या, "टुमॉरो मॉर्निंग आय विल स्टार्ट टू गो होम." वाक्य चुकीचं नाही, पण घरी जायला 'सुरुवात' कोण करतं, आपण निघतो. मी चिनीत विचारलं तुमच्या भाषेत काय म्हणाल, त्या म्हणाल्या छूफा. म्हटलं त्यात खाय-शर कुठंय? त्या थांबल्या. नाहीये. आणि शेजारचा म्हणाला आम्ही तुंग शन पण म्हणतो, तुंग म्हणजे हलणं, शन म्हणजे अंग, अंग हललं म्हणजे निघालो. मग मी फळ्यावर लिहिलं, "आय सेट ऑफ टुमॉरो मॉर्निंग". लगेच तिसरा म्हणाला, पण सेट ऑफ म्हणजे फटाके उडवणं ना? कारण त्यांच्या शाळेच्या पुस्तकांत सणाचं वर्णन असतं त्यात सेट ऑफ फायरवर्क्स हमखास येतं. एकाच सणात घरी जाणं पण सेट ऑफ आणि फटाके पण सेट ऑफ! मी काहीच समजावलं नाही, त्यांनाच विचारलं की दोन्हीत आधी काय होतं. बराच वेळ शांतता, मग त्या पहिल्या बाईच म्हणाल्या, आधी दोन्ही गप्प होते, मी घरात गप्प होते, फटाका जमिनीवर गप्प होता, मग सुटला. फरक एवढाच की मला कोणी वात लावली नाही. सगळे हसले आणि त्या तासानंतर त्या बॅचमध्ये सेट ऑफ कोणी चुकल्याचं मला आठवत नाही. नंतर कोणीतरी "वी विल सेट ऑफ द प्रोजेक्ट" असं म्हटलं तर बाकीचेच ओरडायचे की प्रोजेक्ट फुटेल.

त्या तासातून मी दुसरी गोष्ट शिकले ती जास्त कामाची आहे. चिनी भाषेत सुरुवात सांगायला खाय-शर फार कमी वेळा लागतं. आपल्यासारखंच आहे ते. आपण पाऊस सुरू झाला म्हणतोच पण जास्त करून पाऊस आला, पाऊस लागला, शाळा लागली, आग लागली, थंडी पडली, रडायला लागला. त्यांच्याकडे वाक्याच्या शेवटी एक छोटासा ल येतो, श्या यू ल, म्हणजे पाऊस आला बरं का, आत्ता नव्हता आणि आता आहे. विद्यार्थी हेच इंग्रजीत "इट इज रेनिंग" असं सांगतो आणि ऐकणाऱ्याला 'आत्ता लागला' हा भाग कळतच नाही. म्हणून मी आधी त्यांच्या भाषेत सुरुवातीच्या किती तऱ्हा आहेत त्या त्यांच्याकडूनच काढून घेते, इंग्रजी नंतर.

(थोडं उच्चाराचं सांगते, तुम्हाला चिनी येत नसेल तर. रोमन लिपीत ते के लिहितात तो आपला ख, आणि जी लिहितात तो आपला क, टी म्हणजे थ, डी म्हणजे त, क्यू म्हणजे साधारण छ. मराठी माणसाला क आणि ख वेगळे ऐकू येतात म्हणून आपल्याला हे पटकन जमतं, त्याचा फायदा घ्या, चार चिनी शब्द बरोबर म्हटलेत की वर्ग तुमच्याशी वेगळ्या मोकळेपणाने बोलतो.)

आता अप. इथे खजिना पण आहे आणि खड्डा पण. चिनीत छीलाय म्हणून एक जोड आहे, मूळ अर्थ उठणं, वर येणं, आणि ती क्रियापदाला लावली की 'लागणं' असा अर्थ होतो. श्याओ म्हणजे हसणं, श्याओ छीलाय म्हणजे हसायला लागणं. खू म्हणजे रडणं, खू छीलाय म्हणजे रडू लागणं. म्हणजे क्रियापदाला एक वर जाणारा शब्द जोडून सुरुवात सांगायची ही कल्पना त्यांच्या तोंडात लहानपणापासून आहे, फ्रेजल व्हर्ब त्यांना परका नाहीच. त्याहून भारी म्हणजे ती जोड फुटते. पाऊस पडू लागला हे ते श्या छी यू लाय असं म्हणतात, यू म्हणजे पाऊस, तो छी आणि लाय च्या मध्ये जाऊन बसला! इंग्रजीत सेट द कंपनी अप म्हणताना कंपनी मध्ये का घुसते असं विचारणाऱ्याला मी हे वाक्य फळ्यावर लिहून दाखवते आणि म्हणते तुम्ही रोज हेच करता. एका मुलीने तोंडावर हात ठेवला होता हे बघून, रोज बोलत असून तिने आपल्याच भाषेकडे कधी असं पाहिलं नव्हतं.

सर्वनामाची चूक, म्हणजे "सेट अप इट", हीसुद्धा याच वाटेने सुटते. त्यांच्याकडे पा लावून वस्तू क्रियापदाच्या आधी आणायची सोय आहे, शाळा काढायची असेल तर पा था पान छीलाय, था म्हणजे ती, पान म्हणजे चालवणं किंवा काढणं, आणि छीलाय अगदी शेवटी. मी सांगते की इट म्हटलं की पा वाला क्रम आठवा, अप शेवटी गेलंच पाहिजे, सेट इट अप. लांबलचक वस्तू असेल, म्हणजे "अ न्यू टेस्टिंग टीम इन द चंग्तू ऑफिस" वगैरे, तर ती आपली अपच्या मागेच बरी.

आता खड्डा. तुम्ही उत्साहाच्या भरात अप म्हणजे छीलाय असं सांगून बसाल, मी सांगितलं होतं, आणि महिनाभर निस्तरलं. इंग्रजीत अप बऱ्याचदा सुरुवात नाही, शेवट सांगतो. ईट अप म्हणजे सगळं खाऊन टाक, संपव. आणि चिनीत खाण्याला, म्हणजे छर ला, छीलाय लावलं की अर्थ होतो 'खायला घेतलं तर चव कशी लागते'. माझ्या एका विद्यार्थ्याने जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना "प्लीज ईट अप" म्हटलं, त्याला म्हणायचं होतं सुरू करा, पाहुण्यांना ऐकू आलं संपवा. म्हणून अप फक्त ठरावीक क्रियापदांबरोबर सुरुवातीचा: सेट अप, स्टार्ट अप, टेक अप, ओपन अप, स्ट्राइक अप. आणि इथेही तोच प्रश्न, आधी कसं होतं? आडवं होतं, खाली होतं, ते उभं केलं. दुकान थाटलं, तंबू ठोकला, टीम उभी केली, सगळं सेट अप. टेक अप म्हणजे खाली होतं ते उचललं, आपण 'हाती घेणं' म्हणतो तसं, आणि ते शक्यतो बरेच दिवस चालणारं असतं, बॅडमिंटन, पोहणं, बाग, नवी नोकरी. "आय टुक अप अ सँडविच" होत नाही. चिनीत छंद जडण्याला 'मी शांग' म्हणतात, शांग म्हणजे वर, पण ते मन जडण्याबद्दल आहे, म्हणून ते मी टेक अप शी न जोडता गेट इंटू शी जोडते. टेक अप मध्ये ठरवून घेतलेलं असतं, गेट इंटू मध्ये आपण कधी ओढले गेलो ते कळत नाही. हा फरक त्यांना फार आवडतो, कोणी काय टेक अप केलं आणि कशात गेट इंटू झालं यावर अर्धा तास गप्पा होतात आणि तोच खरा सराव.

स्टार्ट अप बद्दल एक सावधगिरी. स्टार्टअप हे नाम त्यांना पक्कं माहीत असतं, रोज ऐकतात, त्यामुळे "इन २०१९ आय स्टार्टअप अ कंपनी" असं सर्रास येतं, भूतकाळ लागतच नाही कारण त्यांच्या मनात तो एक शब्द आहे, त्याच्या मध्ये ईडी कुठे लावणार. नामात जोर पहिल्या भागावर, क्रियापदात जोर अपवर, हे कानाला सांगावं लागतं. माझी युक्ती अशी, की चिनीच्या चौथ्या सुरासारखा अप वरून खाली दणकन म्हणायला सांगते. एरवी ते छोटा शब्द गिळतात आणि ऐकणाऱ्याला नुसतं "सेट" ऐकू येतं. शिवाय त्यांच्या भाषेत अक्षराच्या शेवटी न, ङ सोडून फारसं काही येत नाही, त्यामुळे सेटचा ट गळतो. त्याला उपाय म्हणजे ट पुढच्या शब्दाला देऊन टाकायचा, से-टप, से-टॉफ, से-टिन. अमेरिकन माणूस तर सेट इट अप चं सेडिडप करतो, हे एकदा ऐकवून ठेवा, कारण बऱ्याच जणांना हे शब्द कागदावर माहीत असतात आणि कॉलवर समोरच्याने वापरले ते कळतच नाहीत.

डाउन टू. गेट डाउन टू, सेटल डाउन टू. आधी माणूस उभा, इकडे तिकडे भटकतोय, मोबाइल बघतोय, मग बसला. आपण अभ्यासाला बसणं म्हणतो, बस, तेच. चिनीत एक सुंदर शब्दप्रयोग आहे, चिंग श्या शिन लाय, शिन म्हणजे मन, श्या लाय म्हणजे खाली येणं, मन शांत करून खाली बसवायचं आणि मग अभ्यास करायचा. इथे पण मन मध्ये घुसलंय बघा. हे सांगितलं की गेट डाउन टू वर्क वेगळं समजवावं लागत नाही. फक्त टू च्या पुढे ते "टू डू" लावतात, गेट डाउन टू राइट, तो आयएनजी त्यांना रुचत नाही कारण चिनीत क्रियापद बदलतच नाही. मी नियम सांगत बसत नाही, टू च्या जागी टेबल आहे असं समजा म्हणते, टेबलावर वस्तू ठेवायची आहे, राइटिंग ही वस्तू आहे. सेट अबाउट डुइंग पण त्याच टेबलावर. सेट आउट मात्र टू डू घेतो, कारण तिथे माणूस एक हेतू धरून घराबाहेर पडलाय. सेट अबाउटला चिनीत च्वो शोउ आहे, शोउ म्हणजे हात, आपण कामाला हात घातला म्हणतो तसं. तुंग शोउ पण चालतं पण त्याचा अर्थ हाणामारी सुरू करणं असाही होतो, आपल्या 'हात उचलला' सारखा, म्हणून ते उदाहरण जपून घ्या.

आउट वर जरा थांबते कारण इथली चूक मोठी माणसंसुद्धा वर्षानुवर्षं करतात. ब्रेक आउट. युद्ध, आग, साथ, अंगावर पुरळ. काहीतरी आत कोंडलेलं, दाबलेलं होतं ते बाहेर पडलं. चिनीत पाओ फा. पण पाओ फा दोन्ही बाजूंनी चालतं, युद्ध पाओ फा झालं असंही म्हणतात आणि अमुक वर्षी पाओ फा झालं युद्ध असं, युद्ध मागे टाकूनही म्हणतात, बातम्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकात तर हे दुसरंच जास्त सोयीचं. म्हणून विद्यार्थी लिहितो "इन १९३७ ब्रोक आउट द वॉर". तुम्ही सांगितलंत की वॉर आधी घ्या, तर लिहितो "द वॉर वॉज ब्रोकन आउट", कारण त्याला वाटतं युद्ध आपोआप कसं होईल, कोणीतरी केलं असणार. दोन्ही चुकांचं मूळ वेगळं आहे आणि एकाच लाल रेघेने दोन्ही सुधारत नाहीत. पहिल्याला फक्त क्रम सांगा. दुसऱ्याला पुरळ दाखवा. पुरळ कोणी उठवत नाही, ते उठतं. आपल्याकडे 'युद्ध पेटलं' आणि 'युद्ध पेटवलं' असे दोन वेगळे शब्द आहेत, ब्रेक आउट हा फक्त 'पेटलं' आहे, त्यात पेटवणारा कोणी नाही आणि कर्मही नाही. कोणी पेटवलं ते सांगायचं असेल तर दुसरं क्रियापद घ्या.

बर्स्ट आउट लाफिंग आणि बर्स्ट इंटू टिअर्स ही जोडी पाठच करून घ्या, आउट नंतर लाफिंग किंवा क्राइंग, इंटू नंतर टिअर्स किंवा लाफ्टर. श्याओ छीलाय एवढंच म्हणजे हसायला लागणं, त्यात फुटल्यासारखं काही नाही, त्यामुळे साधं हसायला लागला असेल तर स्टार्टेड लाफिंगच बरोबर आहे. स्टार्टला हद्दपार करायचं नाहीये.

सेट इन बद्दल माझं मत जरा आग्रहाचं आहे, हा शिकवाच, कारण तो फार बारीक आणि फार उपयोगी आहे. जॉन्सनने याचा अर्थ एकसारखा चालू राहील असं काहीतरी सुरू होणं असाच दिलाय. पाऊस लागला, म्हणजे सर आली नाही, आता दोन दिवस उघडणार नाही. थंडी पडली. लाकडाला कीड लागली. आपलं 'लागणं' इथे इतकं चपखल बसतं की मला तो मराठीमुळेच नीट कळला. सुझोऊकडे जूनमध्ये आलुबुखाराच्या जातीची फळं पिकतात तेव्हा सलग भिजपाऊस असतो, भिंतींना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत, त्या पावसाला त्यांच्याकडे स्वतःचं नाव आहे, मेई यू. "द रेन हॅज सेट इन" हे तिथल्या माणसाला एका वाक्यात कळतं. चांगल्या गोष्टीला शक्यतो वापरत नाहीत, आनंद सेट इन होत नाही, कंटाळा होतो, भीती होते, म्हातारपण होतं.

दिवा लावणं, टीव्ही लावणं हे थोडक्यात. चिनीत खाय म्हणजे उघडणं, आणि दिवा खाय, गाडी खाय, मीटिंग खाय, शाळा खाय. त्यामुळे ओपन द लाइट, ओपन द मीटिंग. टर्न ऑन आणि हॅव अ मीटिंग, तक्ता करून भिंतीवर लावा, यात समजवण्यासारखं काही नाही, सवय आहे.

आणि स्टार्ट ओव्हर, छोंगशिन खाय-शर, पुन्हा पहिल्यापासून. हा त्यांना आवडतो आणि लगेच जमतो, पण अमेरिकन आहे, ब्रिटिश लोक स्टार्ट अगेन म्हणतात, एवढं सांगून सोडा.

वर्गात प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. एका तासाला एकच छोटा शब्द. पहिल्या तासाला ऑफ, मग अप दोन तास, मग डाउन टू, आउट, शेवटी इन. नवीन वाक्यं रचायला देऊ नका, त्यांचीच ऑफिसची जुनी ईमेल मागवा, नावं खोडून. हांगझोऊच्या एका इंजिनियरने आणलेलं वाक्य होतं, "वी विल बिगिन टू एस्टॅब्लिश अ न्यू टेस्टिंग टीम इन मार्च." मी विचारलं टीम आत्ता कशी आहे? म्हणाला नाहीच आहे, कागदावर आहे. मार्चमध्ये? उभी राहील. मग त्यानेच लिहिलं, "वी आर सेटिंग अप अ न्यू टेस्टिंग टीम इन मार्च." बिगिन गेलं, एस्टॅब्लिश गेलं, वाक्य सुटसुटीत झालं, आणि त्याने विचारलं की हे जास्त साधं वाटत नाही ना, बॉसला. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी सांगते करारात आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात एस्टॅब्लिश ठेवा, सहकाऱ्याला लिहिताना सेट अप, आणि तुमचा ब्रिटिश किंवा सिंगापूरचा सहकारी तुम्हाला काय लिहितो ते त्याच्या पाच ईमेल काढून बघा. त्याने बघितलं, पाचपैकी तीनमध्ये सेट अप होतं. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

एका परिच्छेदात एकच बदल करायला लावा, नाहीतर चार दिवसांनी असं पत्र येतं ज्यात सगळंच किक ऑफ होतं. अर्थही मोजकेच द्या. २०१५ ची गार्नियर आणि श्मिट यांची एक यादी आहे, सगळ्यात जास्त वापरले जाणारे १५० फ्रेजल व्हर्ब आणि त्यांचे मिळून २८८ अर्थ, म्हणजे एकाला सरासरी दोन सुद्धा नाहीत. डिक्शनरीत सेट अप चे दहा-बारा अर्थ असतील, पण फसवणं, जुळवून देणं वगैरे आत्ता नकोत, विद्यार्थ्याने स्वतःहून विचारलं तरच.

आणि चुकांची वही ठेवा, तुमची. कोणाची चूक कुठल्या चिनी शब्दावरून आली एवढंच दोन ओळीत. विचारायचं, हे तुम्ही तुमच्या भाषेत कसं म्हणाल, आणि ऐकून लिहून ठेवायचं. मला छूफा, च्वो शोउ, चिंग श्या शिन लाय हे सगळे असेच मिळालेत.

पुढच्या तासाला तुम्ही सेट ऑफ घेऊन बघा, गावी जाणं आणि फटाके दोन्ही एकत्र, आणि आधी काय होतं हे त्यांनाच बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका, शांतता कितीही लांबली तरी. त्यांनी काय उत्तरं दिली ती लिहून कळवा. आणि ब्रेक आउटची वाक्यं लिहायला दिलीत तर तीही पाठवा, कुठली चूक कुठल्या मुळाची ते आपण एकेक करून बघू.